पाच शब्दांची कमांड आणि दोन स्विचमधली बोलणी

हा आजच्या भागाचा लेखी उतारा. ज्यांची रेंज घाटात गेली की जाते, त्यांनी आधी हे पान उघडून ठेवा आणि सावकाश वाचा. बोलताना जिथं अडखळलो ते गाळलंय, बाकी जवळजवळ तसंच आहे.

आज एका कमांडचा इतिहास सांगायचाय. सिस्कोच्या स्विचवर दोन किंवा जास्त केबलींची जुडी बांधून त्यांची मिळून एक लिंक करायची असेल, तर चॅनल-ग्रुप नावाची कमांड वापरतात. तिच्या शेवटी मोड लिहून प्रश्नचिन्ह दाबलं की पाच पर्याय समोर येतात: ऑन, ऑटो, डिझायरेबल, ॲक्टिव्ह, पॅसिव्ह. नेटवर्किंगचा क्लास लावलेल्या प्रत्येकानं हे पाच शब्द पाठ केलेत. कुठला कुठल्याशी जुळतो याचा तक्ता वहीत काढलाय आणि परीक्षा झाल्यावर विसरलाय.

माझं म्हणणं असं आहे की तो तक्ता पाठ करायची गोष्टच नाही. हे पाच शब्द तीन वेगवेगळ्या काळातले आहेत. एका यादीत शेजारी-शेजारी बसलेत म्हणून एका वयाचे वाटतात, एवढंच. कोण कधी आणि कशासाठी आला हे कळलं, की आपल्या कामाला कुठला घ्यायचा हे वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवात करू एका साध्या प्रश्नानं. दोन स्विचमध्ये एक केबल पुरत नसेल तर दुसरी टाकावी, दुप्पट काम होईल, नाही का? नाही होत. दुसरी केबल नुसती खोचली तर ती फुकट पडून राहते.

याचं कारण १९८० च्या दशकात आहे. दोन यंत्रांमध्ये दोन वाटा असल्या की सगळ्यांसाठी पाठवलेला संदेश एका वाटेनं जातो, दुसरीनं परत येतो, पुन्हा जातो. इथरनेटच्या पाकिटावर त्याचं आयुष्य मोजणारा आकडाच नसतो, त्यामुळे हे फिरणं आपणहून थांबत नाही. काही क्षणांत सगळं नेटवर्क त्या फिरणाऱ्या प्रतींनी भरून जातं. यावर डीईसी कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये उपाय काढला, स्पॅनिंग ट्री. यंत्रं आपसात ठरवतात की दोन ठिकाणांमध्ये एकच वाट चालू ठेवायची आणि बाकीच्या बंद. चालू वाट तुटली तरच बंद असलेली उघडायची. उपाय इतका भक्कम की त्याची वंशावळ आजही प्रत्येक मॅनेज्ड स्विचमध्ये चालू आहे. पण त्याची किंमत अशी, की पैसे दोन केबलींचे भरायचे आणि वापरायची एक.

आता १९९० च्या आसपासचं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक टेबलाला १० मेगाबिटची लाईन. आणि सगळ्यांच्या लाईनी जिथं एकत्र येतात तिथून सर्व्हरकडे जाणारी लाईनही १० मेगाबिटचीच. सगळी गर्दी त्या एका ठिकाणी. १०० मेगाबिटच्या फास्ट इथरनेटचं प्रमाणक १९९५ मध्ये आलं, गिगाबिटचं १९९८ मध्ये. म्हणजे पुढची पायरी दसपट उंच आणि अजून बांधलेलीच नाही.

इथं आपल्या गोष्टीत एक नाव येतं, आणि मराठी माणसाला ते ऐकून हसू येईल. कंपनीचं नाव होतं कल्पना. खरंच. कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅलीत विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर या दोघांनी ती काढली. भारद्वाज मूळचे भारतीय, आणि कंपनीला नाव दिलं त्यांच्या पत्नीचं. कल्पनानं १९९० मध्ये सात पोर्टांचा इथरस्विच बाजारात आणला. अनेक पोर्ट असलेला हा पहिला इथरनेट स्विच मानला जातो. आज तुमच्या घरातल्या वायफाय राउटरच्या पाठीमागे जे चार पिवळे पोर्ट दिसतात ना, त्यांचं कूळ तिथं जातं.

याच कल्पनानं दुसरीही एक युक्ती काढली, इथरचॅनल. दोन किंवा जास्त केबलींची जुडी बांधायची आणि स्पॅनिंग ट्रीला सांगायचं की ही एकच वाट आहे. स्पॅनिंग ट्रीला एकच वाट दिसते, म्हणून ती काहीच बंद करत नाही, आणि आतमध्ये सगळ्या केबली कामाला लागतात. १९९४ मध्ये सिस्कोनं कल्पना विकत घेतली. कंपनीचं नाव मिटलं, इथरचॅनल हा शब्द मात्र सिस्कोच्या कमांडमध्ये आजही आहे.

जुडीबद्दल एक गैरसमज फार आहे, तो आधी काढतो. एक गिगाबिटच्या दोन केबली बांधल्या म्हणजे तुमची एक फाइल दोन गिगाबिटनं उतरते असं नाही. मी पालीचा, म्हणून माझ्याजवळचं उदाहरण देतो. राजगडावर जायला आमच्याकडून पाली दरवाज्याची वाट आहे, पायऱ्यांची, चांगली प्रशस्त. पलीकडून गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट आहे. ४० जणांचा ग्रुप आला आणि २० इकडून, २० तिकडून गेले, तर वाटांवर गर्दी कमी होईल. पण एकट्या माणसाला अर्धं इकडून आणि अर्धं तिकडून चढता येत नाही. जुडीतही तसंच. कोण कुणाशी बोलतंय त्या पत्त्यांवर एक हिशेब लावून स्विच ठरवतो की हे संभाषण या केबलनं जाईल, आणि मग त्या संभाषणाची सगळी पाकिटं त्याच केबलनं जातात. कारण पाकिटं मागेपुढे पोचली तर पलीकडे गोंधळ होतो. माझं उदाहरण एका ठिकाणी लंगडं आहे. गुंजवण्याची वाट खडी आणि आमची सोपी, तर २००० सालच्या प्रमाणकात जुडीतल्या सगळ्या केबली एकाच वेगाच्या हव्यात अशी अट होती.

जाता जाता सांगतो, पाकिटं एकाआड एक वाटून टाकायचा प्रयोगही झाला होता. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साध्या पीसींचा बेवुल्फ नावाचा स्वस्तातला महासंगणक जोडला, त्यात १० मेगाबिटच्या इथरनेटच्या जोड्या बांधल्या होत्या. लिनक्समध्ये आजही बाँडिंग म्हणून जे आहे त्याचं मूळ बेकर यांच्या त्या कामात आहे. तो वेगळा भाग होईल, आज नको.

तर पहिला शब्द, ऑन. यात बोलणी नाहीत. इकडच्या स्विचला माणूस सांगतो, पोर्ट १ आणि २ ची जुडी धर. तिकडच्या स्विचला दुसरा माणूस तेच सांगतो. दोन्ही स्विच समोरच्याला काही विचारत नाहीत. दोन्ही माणसांनी बरोबर सांगितलं असेल आणि नंतर कुणी केबल हलवली नसेल, तर उत्तम चालतं. एका बाजूनं जुडी समजली आणि दुसऱ्या बाजूनं दोन सुट्या केबली समजल्या, तर स्पॅनिंग ट्रीला वेगवेगळं चित्र दिसतं आणि जे टाळायला ती जन्माला आली तोच लूप होऊ शकतो. सिस्कोला यासाठी इथरचॅनल गार्ड नावाचा वेगळा पहारेकरी ठेवावा लागला. गडबड दिसली की तो पोर्टच बंद करून टाकतो.

पण ऑनचा खरा त्रास लूपमध्ये नाही. लूप झाला तर सगळं बंद पडतं, निदान लगेच कळतं. न कळणारा प्रकार वाईट.

पुण्याच्या दक्षिणेकडच्या एका शिक्षणसंस्थेत मला बोलावलं होतं. प्रवेश अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार. लॅबमध्ये ३० पीसी, बाहेर पोरांची रांग, बऱ्याच जणांकडे घरी कॉम्प्युटर नाही आणि मोबाइलवर तो अर्ज नीट उघडत नाही. काही पीसींवर संकेतस्थळ झटक्यात उघडत होतं, काहींवर अजिबात नाही. आणि जे बंद होते ते सकाळपासून बंदच, जे चालू ते चालूच. तिथल्या माणसानं आदल्या दिवशी चार पीसी फॉर्मॅट मारले होते. फरक शून्य. त्याची चूक तरी काय? एक पीसी चालतोय आणि शेजारचा नाही, म्हटल्यावर कुणीही पीसीलाच दोष देणार.

लॅबच्या इमारतीतून मुख्य इमारतीत फायबरच्या दोन लाईनी होत्या, मध्ये दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. म्हणजे स्विचला तांब्याची केबल, तिथून डबीत, डबीतून फायबर. एका लाईनचं फायबर कुठंतरी खोदकामात गेलं होतं. पण स्विचपासून डबीपर्यंतची हातभर केबल शाबूत, म्हणून स्विचच्या पोर्टवरचा दिवा हिरवा. ठेकेदारानं जुडी बांधली होती ऑन मोडमध्ये. स्विचच्या दृष्टीनं दोन्ही केबली ठणठणीत. त्यामुळे ज्या पीसींचा हिशेब पहिल्या केबलवर पडत होता ते चालू, आणि ज्यांचा दुसरीवर, त्यांचं सगळं बोलणं एका तुटक्या तारेत ओतलं जात होतं. दिवसभर. दिवा हिरवा.

दोन्ही टोकांचा मोड ॲक्टिव्ह केला. सगळे पीसी चालू झाले. फायबर तर तसंच तुटकं होतं, ते चार दिवसांनी जोडलं. मग बदललं काय? ते समजायला कमांडमधल्या पुढच्या दोन काळांत जावं लागेल.

दुसरा काळ सिस्कोचा. कल्पना विकत घेतल्यानंतर सिस्कोनं जुडी बांधण्यासाठी बोलणीची एक पद्धत तयार केली, पीएजीपी. ऑटो आणि डिझायरेबल हे तिचे दोन शब्द. डिझायरेबल म्हणजे मी स्वतःहून विचारीन, जुडी करायची का? ऑटो म्हणजे मी गप्प बसीन, कुणी विचारलं तर हो म्हणीन. पलीकडून उत्तर आलं, सगळं जुळलं, तरच जुडी बांधायची. पद्धत चांगलीच होती. अडचण एवढीच की ती सिस्कोची होती. पलीकडचा स्विचही सिस्कोचा हवा, नाहीतर ज्यानं सिस्कोकडून परवाना घेतलाय अशा कंपनीचा.

आणि बाकीच्यांनी काय केलं? प्रत्येकानं वेगळी चूल मांडली. बे नेटवर्क्स आणि पुढे नॉर्टेल यांचं मल्टिलिंक ट्रंकिंग, सन कंपनीचं सन ट्रंकिंग, अशी नावं. एका कंपनीचा सर्व्हर आणि दुसऱ्या कंपनीचा स्विच यांची जुडी बांधायची म्हटलं की पुन्हा बिनबोलीचा ऑन. म्हणजे बोलणी होती, पण एकाच घरात. जिथं अनोळखी माणसाशी व्यवहार करायचा, जिथं विचारून घेणं सगळ्यात गरजेचं, नेमकं तिथं मुकं राहावं लागत होतं.

हे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयट्रिपलईच्या ८०२.३ गटापुढे आलं. इथरनेटची प्रमाणकं ठरवणारा हाच तो गट. या सगळ्या कंपन्यांची माणसं तिथं बसतात. मार्च २००० मध्ये ८०२.३एडी मंजूर झालं आणि त्यात बोलणीची जी पद्धत आली ती एलएसीपी. ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह हे तिचे शब्द. ती कुणा एका कंपनीची नाही. थोड्याच वर्षांत जवळजवळ प्रत्येक मॅनेज्ड स्विचमध्ये आणि लिनक्समध्ये ती आली. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये मोड ४ म्हणतात तो हाच.

आता ती बोलते काय, ते ऐका. मला यातलं सगळ्यात आवडलेलं हेच आहे.

आमच्या खोऱ्यात फोनवर बोलायचं म्हणजे पहिलं वाक्य ठरलेलं: ऐकू येतंय का? समोरचा नुसता हॅलो हॅलो करत राहिला, तर त्याचा आवाज आपल्याला येतोय एवढंच कळतं. आपला त्याला येतोय का, हे नाही कळत. तो जेव्हा म्हणतो, हां, तू आत्ता पाबेच्या स्टॉपवर उभा आहेस म्हणालास ना, तेव्हा खात्री पटते. आपलंच बोलणं त्याच्या तोंडून परत आलं.

एलएसीपी हेच करते. प्रत्येक केबलवरून स्विच एक छोटं पाकीट पाठवतो, त्यात दोन भाग. पहिल्याचं नाव ॲक्टर: मी अमुक स्विच, हा माझा पोर्ट, हा अमुक गटातला. दुसऱ्याचं नाव पार्टनर: आणि तुझ्याकडून मला असं ऐकू आलंय की तू तमुक, तुझा तो पोर्ट. समोरून येणाऱ्या पाकिटात आपली माहिती बरोबर परत आली, तर वाट दोन्हीकडून चालू आहे. प्रत्येक केबलनं समोरच्याच स्विचचं नाव सांगितलं, तर जुडी एकाच ठिकाणी पोचते. कुणी चुकून तिसऱ्याच स्विचमध्ये केबल खोचली असेल तर नाव वेगळं येतं आणि ती केबल जुडीत घेतली जात नाही.

आणि हे एकदा विचारून थांबत नाही. जलद ठेवलं तर दर १ सेकंदाला, सावकाश ठेवलं तर दर ३० सेकंदांनी. तीन वेळा उत्तर आलं नाही की ती केबल जुडीतून बाहेर, म्हणजे ३ सेकंदांत किंवा ९० सेकंदांत. दिवा हिरवा असो की नसो. त्या लॅबमध्ये झालं ते एवढंच: तुटक्या वाटेवरून उत्तर आलं नाही, ती बाहेर पडली, तिच्यावरचे पीसी दुसरीवर आले. वेग निम्मा झाला, अर्ज भरले गेले.

उरलेला तक्ता आता बघा, पाठ करायचं काही आहे का. पॅसिव्ह आणि पॅसिव्ह समोरासमोर ठेवले तर जुडी होत नाही. ऑटो आणि ऑटोचंही तेच. मुलीकडचे म्हणतात मुलाकडच्यांनी आधी विषय काढावा, मुलाकडचे म्हणतात त्यांनी काढावा, आणि चहापोहे खाऊन सगळे घरी. एका बाजूनं तरी तोंड उघडायला हवं. ऑन आणि ॲक्टिव्ह जुळत नाही, कारण एक विचारतोय आणि दुसऱ्याला बोलताच येत नाही. डिझायरेबल आणि ॲक्टिव्ह जुळत नाही, कारण भाषा वेगळ्या. शेवटचा शब्द कुणाचा, हेही एलएसीपीत ठरलेलं असतं. कुठल्या केबली घ्यायच्या आणि कुठल्या राखीव ठेवायच्या यावर मतभेद झाला तर ज्या स्विचचा प्राधान्याचा आकडा लहान, त्याचं चालतं. सिस्कोवर सुरुवातीला दोघांचाही ३२७६८ असतो, मग हार्डवेअरचा पत्ता ज्याचा लहान तो मोठा. हे नशिबावर सोडू नका, मुख्य स्विचचा आकडा स्वतः कमी करा.

तर मी काय लावतो? दोन्ही बाजूंना ॲक्टिव्ह. पॅसिव्ह ठेवण्यात बिघडत काही नाही, पण उद्या पलीकडचा माणूस बदलला आणि त्यानंही पॅसिव्ह ठेवला तर बसा शोधत. मध्ये मीडिया कन्व्हर्टर किंवा डोंगरावरून डोंगरावर मारलेली रेडिओ लिंक असेल तर वेळ जलद ठेवतो, कारण तिथं दिवा खोटं बोलतो आणि ९० सेकंद खूप होतात. समोरासमोर साधी केबल असेल तर सावकाश चालतं, केबल निघाली की दिवाच विझतो. फार जुन्या, दमलेल्या स्विचवर जलद लावू नका. कामाच्या गर्दीत त्याला उत्तर द्यायला उशीर झाला तर चांगली केबलही बाहेर पडते आणि परत येते, पडते आणि येते.

सिस्को ते सिस्को असेल तरी पीएजीपी घेऊ नका असं माझं मत आहे. आज बजेटमध्ये बसला म्हणून घेतलेला स्विच पाच वर्षांनी बदलायचा झाला, तर दुसऱ्या कंपनीचा घ्यायची मुभा हवी. लहान संस्थांना तर ती हवीच.

ऑन कुठंच नको का? एक जागा आहे, मुलाखतीत विचारतात. व्हीएमवेअरच्या साध्या आभासी स्विचला एलएसीपी येतच नाही. त्यांच्या डिस्ट्रिब्युटेड स्विचमध्ये ती २०१२ मध्ये ५.१ आवृत्तीत आली, आणि त्याचा परवाना महाग. साध्यावर आयपीच्या हिशेबानं जुडी करायची असेल तर समोर ऑनच लावावं लागतं. तिथं ते बरोबर आहे. फक्त सर्व्हर आणि स्विच यांच्यामध्ये कुठली डबी नको.

२००८ मध्ये हे सगळं ८०२.३ मधून उचलून ८०२.१एएक्स या वेगळ्या प्रमाणकात ठेवलं, कारण जुडीचा विचार तारेच्या वरच्या थरातला आहे. जुन्या सवयीनं लोक अजून ८०२.३एडीच म्हणतात, लिनक्सच्या सेटिंगमध्येही तेच नाव आहे, म्हणून गोंधळू नका.

आणि चुली पुन्हा वेगळ्या झाल्याच. जुडीतली एक केबल तुटली तर दुसरी आहे, पण अख्खा स्विचच गेला तर? म्हणून जुडीचं एक टोक दोन स्विचमध्ये वाटून द्यायची पद्धत आली. समोरच्याला ते दोन मिळून एकच स्विच भासतात. सिस्को त्याला व्हीपीसी म्हणतं, अरिस्टा एमलॅग म्हणतं. यासाठीचं सामायिक प्रमाणक २०१४ च्या ८०२.१एएक्समध्ये आलं, पण तोवर प्रत्येकाचं आपापलं रुजलं होतं. त्यामुळे आजही हे जोडीचे दोन स्विच एकाच कंपनीचे घ्यावे लागतात. त्यांच्यासमोर जो तिसरा स्विच उभा असतो, त्याला मात्र यातलं काही माहीत नसतं. तो २००० सालचीच एलएसीपी बोलतो आणि त्याला उत्तर मिळतं.

पुढचा भाग स्पॅनिंग ट्रीवर. तोवर तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसात जुडी असेल तर शो इथरचॅनल समरी एवढी कमांड मारून बघा. पोर्टच्या नावापुढे कंसात पी असेल तर तो जुडीत आहे, आय असेल तर एकटाच चालतोय, एस असेल तर बाहेर थांबलाय. आणि प्रोटोकॉलच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असेल, तर तिथं ऑन आहे. मध्ये एखादी डबी बसवलीये का, ते जाऊन बघा आणि मला कळवा.